सेकंड हॅण्ड मिनी राउंड बेलर: रंग नको, शाफ्टची टोकं बघा

कम्बाईन हार्वेस्टर शेतातून निघून गेला की मागे पेंढ्याची ओळ पडून राहते, आणि ती गोळा करून उडवी रचायला माणूस मिळत नाही. त्यामुळे गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीत चार-सहा गुरं असलेल्या घरात आज ना उद्या बेलरचा, म्हणजे पेंढा उचलून त्याचे गोल गठ्ठे (रोल) बांधणाऱ्या मशिनचा, विषय निघतोच. नवा बेलर एकट्याला परवडत नाही, मग वापरलेला शोधला जातो. केरळ-तमिळनाडूत भाताच्या पेंढ्यावर मिनी राउंड बेलर बरेच चालतात, म्हणून जुना मालही तिकडचा जास्त. आमचं मत आधीच सांगतो: लहान कुणग्यांसाठी (भाताच्या वाफ्यांसाठी) मशिन उत्तम आहे, पण हातात पाना घेतल्याशिवाय आणि ते पेंढ्यावर चालताना पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

आधी हिशेब. एका गाईला दिवसाला पाच किलो सुका पेंढा धरला, तर चार गाईंना वर्षाला 7300 किलो लागतो, म्हणजे 20 किलोचे 365 रोल. हार्वेस्टर वरून कापतो, खुंट शेतातच राहतात. त्यामुळे हेक्टरमागे दोन-अडीच टन पेंढा हाती लागला तरी बरं म्हणायचं. म्हणजे घरच्या गरजेला तीन ते पावणेचार हेक्टर भात पुरतं आणि ठीक चालणारा बेलर तेवढं काम नऊ-दहा तासांत उरकतो. उरलेलं वर्ष तो खोपीत. शेजारच्यांची कामं भाड्याने घेणार असाल, किंवा तीन-चार घरं मिळून घेणार असाल, तरच यात पैसे घाला. एरवी भाड्याने आणलेला बरा.

ट्रॅक्टरशी जुळतो का, हे बेलर बघायला निघण्यापूर्वीच तपासा. यातले बरेचसे मॉडेल थ्री-पॉइंटला (ट्रॅक्टरमागच्या तीन उचल-दांड्यांना) टांगायचे असतात आणि पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा मशिन फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला 540 फेऱ्यांचा लागतो. ताकद 25 ते 35 एचपी असली की काम भागतं, अडचण वजनाची असते. मागे चार-पाचशे किलो लोंबकळत असताना हलका ट्रॅक्टर मेर (शेताचा बांध) ओलांडताना पुढून उचलतो, स्टेअरिंग हवेत फिरतं. पुढची वजनं लावल्याशिवाय खाजन शेतातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) बांधावर चढू नका. दुसरी गोष्ट, मागचं दार बहुतेक मॉडेलमध्ये हायड्रॉलिकने उघडतं आणि लहान ट्रॅक्टरला बाहेरचा तेलाचा पॉइंट असेलच असं नाही. तो बसवायचा खर्च बेलरच्या किमतीत धरा. पीटीओ शाफ्टही दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मापाने कापलेला असतो. चालू अवस्थेत त्याचे दोन पाइप किमान एक तृतीयांश एकमेकांत राहायला हवेत आणि वळताना किंवा उचलताना पूर्ण आत जाऊन टेकता कामा नयेत. टेकले तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं.

आता मशिनकडे. विकणारे रंग मारून ठेवतात, तिकडे लक्ष देऊ नका. पेंढा जिथे गोल गुंडाळला जातो त्या चेंबरमधल्या रोलरच्या टोकाची बेअरिंगं बघा. बेअरिंग खराब असणं हा मोठा दोष नाही. ती बाजारात मिळतात आणि महागही नसतात. खरा खर्च शाफ्टचा. चेन उतरवून रोलर हाताने फिरवा, खरखर ऐकू येते का बघा. मग रोलर टॉमीने (लोखंडी पहारीने) वर-खाली हलवा. बेअरिंगच्या आतल्या रिंगभोवती लालसर, चहाच्या भुकटीसारखी बारीक पूड दिसली आणि तिथे शाफ्टवर चकचकीत घळ पडलेली असली, तर रिंग शाफ्टवरच फिरत होती असं समजा. तिथे नवं बेअरिंग महिनाभरही टिकत नाही. वेल्डिंगने भरून लेथवर टर्निंग करावं लागतं किंवा टोक बदलावं लागतं, त्यासाठी अख्खा रोलर काढावा लागतो. अशी दोन टोकं सापडली तर किंमत पाडून मागा, चार सापडली तर परत फिरा. रोलरच्या बाजूची चकती आणि शाफ्ट यांच्यामधला जोडही निरखून बघा. जुन्या रंगात मधेच ताजा रंग असेल तर त्याखाली वेल्डिंग असतं.

शाफ्टभोवती पेंढा गुंडाळला जाऊन सील बाहेर ढकललं जातं, धूळ आत शिरते आणि बेअरिंग तापतं. कोरड्या पेंढ्यात आग लागते ती अशीच. पंधरा मिनिटं चालवून पीटीओ आणि इंजिन बंद करा, मग प्रत्येक बेअरिंगजवळ हात न्या. एकच गरम आणि बाकीची कोमट असतील, तर त्या एकाचं दुखणं उघड आहे.

चेन टेपने मोजता येते. चेन ताणून धरून बारा पिचचं (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत एक पिच) अंतर घ्या. 60 नंबरच्या नव्या चेनमध्ये ते 228.6 मिमी असतं, 235 च्या पुढे गेलं की चेन बाद. 80 नंबरला 304.8 मिमी, तिथे 314 ही हद्द. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर नुसती चेन बदलून उपयोग नाही. चेन-पट्टीच्या मॉडेलमध्ये (चेंबरमध्ये रोलरऐवजी दोन चेनवर बसवलेल्या पट्ट्या असतात) दोन्ही बाजूंच्या चेन वेगवेगळ्या ताणलेल्या असल्या, तर रोल एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्याला पोकळ बनतो.

शिअर बोल्ट काढून बघाच. कंपनीचा बोल्ट अडकल्यावर तुटावा म्हणूनच मऊ असतो. त्या जागी कंपनीने दिलेल्यापेक्षा कडक ग्रेडचा बोल्ट नाहीतर सळीचा तुकडा आढळला, तर ते झटके गिअरबॉक्सने खाल्लेत. गिअरबॉक्सच्या तेलाचा प्लग उघडून बोटावर तेल घ्या, चमकणारा धातूचा चुरा दिसतो का पाहा.

पिकअपच्या (पेंढा उचलणाऱ्या भागाच्या) टाईन्स, म्हणजे तारेची बोटं, चार-पाच तुटलेल्या असणं चालतं, बदलणं सोपं. टाईन-बार हाताने मागेपुढे हलवला आणि जास्त खेळ आला तर कॅम रोलर (बार फिरवणारी छोटी चाकं) झिजलेत. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे टाईन्सची टोकं आणि चेंबरचा पत्रा गव्हाच्या काडात चालवल्यापेक्षा लवकर झिजतो. पत्रा हातोडीने हलकेच ठोकत जा, पातळ झालेल्या जागी आवाज बदलतो.

चाचणी पेंढ्यावरच हवी, रिकामं फिरवून काही कळत नाही. निदान दहा रोल बांधून घ्या. चेंबर भरला की ट्रॅक्टर थांबवायचा, पीटीओ चालू ठेवायचा, सुतळी फिरेपर्यंत थांबायचं आणि मग दार उघडायचं. सुतळी पकडलीच जात नसेल तर तिचं लोंबतं टोक आखूड असतं, ताण जास्त असतो, किंवा पेंढा हार्वेस्टरने फार बारीक केलेला असतो. कापली न जाता ओढली जात असेल तर सुरीची धार गेली आहे, तो मामुली खर्च. इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर शोधा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो हमखास येतो. रोल मधे फुगीर आणि कडेला पोकळ येत असेल तर मशिनला दोष देण्याआधी ओळ पाहा. ओळ चेंबरपेक्षा अरुंद असल्यास ट्रॅक्टर थोडा डावी-उजवीकडे घेत चालवावा लागतो. पिकअपमध्ये अडकलेला पेंढा पीटीओ चालू असताना हाताने ओढू नका, आणि उघड्या दाराखाली जायचं असेल तर आधी त्याचं लॉक लावा. हात असेच जातात.

गोव्यात शरदाचं (खरिपाचं) पीक निघतं तेव्हा परतीचा पाऊस रेंगाळत असतो आणि सकाळी दव पडतं. दहा-अकराच्या आधी बेलर शेतात उतरवू नये. पेंढ्यात 15-16 टक्क्यांहून जास्त ओल राहिली तर रोल आतून तापतो, बुरशी धरतो आणि गुरं तोंड लावत नाहीत. मीटर नसेल तर काचेच्या बरणीत पेंढ्याचे तुकडे आणि कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मिठाचे गोळे झाले तर अजून थांबा. वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) पेंढ्याला हा त्रास फारसा नाही, मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत तो कडकडीत होतो, उलट पानांचा चुरा गळतो.

सुतळी ज्यूटचीच घ्या. प्लास्टिकची स्वस्त पडते, पण कापताना तिचे तुकडे गोठ्यात राहतात आणि गाईच्या पोटात जातात. ज्यूट जमिनीवर ठेवल्यास कुजते, म्हणून रोल पोफळीच्या ओंडक्यांवर रचावेत. खाजनात चालवलेलं मशिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, थोडं रिकामं चालवून वाळवा, चेनला तेल द्या. पावसाळ्यापूर्वी आतला पेंढा पूर्ण काढा, नाहीतर उंदीर वायरिंगपर्यंत पोचतात.

कागदपत्रांत मूळ बिल आणि प्लेटवरचा नंबर जुळवा. पहिल्या मालकाने अनुदानातून घेतलेलं असेल, तर विकायला मुदतीची अट आहे का ते त्याच्या मंजुरीपत्रात वाचा. अनुदानाच्या आशेने जुनं मशिन घेणार असाल तर आधी विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या. घासाघीस रकमेवरच न करता सुट्या भागांवरही करा: शिअर बोल्टचं पाकीट, टाईन्सचा अर्धा सेट, सुतळीची सुरी, चेनचे जोड आणि दोन बेअरिंगं गाडीत मशिनसोबतच टाकून घ्या. कापणीच्या ऐन दिवसांत हेच पार्ट कोइम्बतूरहून मागवले तर ते पोचेपर्यंत पेंढा भिजलेला असेल.