भाव बांधून मागायचा की औषध योजनेत मागायचं?

रुग्णांच्या गटातर्फे सरकारला निवेदन द्यायचं ठरलं की बैठकीत वाद याच मुद्द्यावर होतो. एक बाजू म्हणते, औषधाचा भाव बांधून द्या. दुसरी म्हणते, सरकारनंच ते विकत घेऊन आम्हाला द्यावं. खिशावरचा भार दोन्हींनी हलका होतो. पण पुढच्या दहा-वीस वर्षांत नवी औषधं निघतील की नाही, यावर दोन्हींचा परिणाम वेगवेगळा होतो.

आधी भाव बांधण्याबद्दल. सध्या लागू आहे तो 2013 चा औषध किंमत नियंत्रण आदेश. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या (2022 च्या यादीत 384) औषधांसाठी, बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडचे दुकानदाराला पडणारे दर घेऊन त्यांची सरासरी काढतात, त्यात दुकानदाराचे 16 टक्के मिळवतात, आणि त्यापुढे कुणी विकायचं नाही. याची मोठी ताकद अशी की फायदा सरसकट मिळतो. परळच्या केमिस्टकडे "अर्धीच पट्टी द्या" म्हणणाऱ्या माणसाला त्यासाठी कार्ड, अर्ज, शिक्का काही लागत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची (बारीक जाळीच्या नळीची) कमाल किंमत 29,600 रुपये ठरली. त्याआधी लोक लाखाच्या वर मोजत होते.

पण त्याच वेळी काही कंपन्यांनी आपले नवे स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली. गोळ्यांच्या बाबतीत पळवाट वेगळी असते. एका औषधाचा भाव बांधला की त्यात दुसरं मिसळून यादीबाहेरचं मिश्रण बाजारात येतं, आणि संशोधनाला लागायची अक्कल अशा मिश्रणांत खर्ची पडते. उलट भाव फारच आवळला तर जुनी औषधंही बनेनाशी होतात. ऑक्टोबर 2024 मध्ये बेंझिल पेनिसिलिन, साल्ब्युटामॉल, लिथियम अशा आठ औषधांच्या कमाल किमती 50 टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, कारण जुन्या दरात ती बनवणं परवडत नव्हतं.

आता सरकारी खरेदी. औषधाला गिऱ्हाईक आहे आणि पैसे देणारा पक्का आहे, हे दिसलं की प्रयोगशाळा तिकडे वळतात. अमेरिकेत 2006 पासून मेडिकेअरमध्ये (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) ज्येष्ठांच्या गोळ्यांचा खर्च धरला जाऊ लागला; त्यानंतर म्हातारपणीच्या आजारांवरच्या औषधांच्या चाचण्या वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. मात्र त्या कायद्यानं सरकारला दराची घासाघीस करायलाच मनाई केली होती. ती मुभा 2022 च्या कायद्यानं दिली. तेव्हा औषध कंपन्यांनी संशोधन बुडेल म्हणून ओरड केली. तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता, 30 वर्षांत सुमारे 1,300 पैकी 13 औषधं कमी येतील. मला ही किंमत मोजण्याजोगी वाटते. खटकते ती दुसरी गोष्ट. साध्या रासायनिक गोळीला ठरवलेला दर मंजुरीनंतर 9 वर्षांनी लागू होऊ शकतो, जैविक औषधांना (सजीव पेशींपासून बनवलेल्या, बहुधा इंजेक्शनच्या) 13 वर्षांनी. म्हणजे घरी घेता येणाऱ्या गोळीपेक्षा इस्पितळात टोचायच्या औषधात पैसा गुंतवणं फायद्याचं. नियम कसा लिहिलाय, यावर संशोधनाची वाट ठरते ती अशी.

मुंबईत या दुसऱ्या वाटेचा, म्हणजे एकत्रित खरेदीचा, चांगला नमुना आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनं अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून 40 औषधांचे दर ठरवले आणि ते 23 ते 99 टक्क्यांपर्यंत उतरले. कुणावर सक्ती नव्हती. मोठ्या ऑर्डरपुढे कंपन्या नमल्या. याच टाटानं आयआयटी मुंबईबरोबर विकसित केलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावतात) ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेतल्या दराच्या मानानं तो बराच स्वस्त असला, तरी लाखांतच जातो. त्याचे पैसे देणारी योजना नसेल तर पुढचा असा उपचार कोण शोधायला घेईल?

सरकारी योजनेच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. महात्मा फुले योजनेचं 5 लाखांचं संरक्षण मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांना आहे, रोजच्या गोळ्यांना नाही. दुर्मीळ आजारांसाठी केईएमसारख्या केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदत मिळते, पण गोशेसारख्या, शरीरात एक एंझाइम कमी पडणाऱ्या आनुवंशिक आजारात एंझाइमचं इंजेक्शन दर पंधरवड्याला, जन्मभर लागतं. एवढ्यात ते कसं भागणार?

तुमचं औषध जुनं असेल, पाच-दहा कंपन्या बनवत असतील, तर भाव बांधून मागा, आणि कच्चा माल महागला तर फेरविचाराची तरतूदही मागा. औषध नवं, पेटंटचं, एकाच कंपनीचं असेल तर भावाच्या मागणीत वेळ घालवू नका; 2019 च्या दुरुस्तीनं अशा औषधांना विक्री सुरू झाल्यापासून पाच वर्षं नियंत्रणातून सूट आहे. तिथं घासाघीस करून एकत्रित सरकारी खरेदी हीच मागणी हवी. माझं मत विचाराल तर आज आपल्याकडे जास्त जोर हिच्यावर द्यायला हवा, कारण भाव बांधायची यंत्रणा निदान उभी तरी आहे.

आणि पत्ता नीट लिहा. भाव ठरवणारं प्राधिकरण केंद्राचं, दिल्लीत. मंत्रालयात दिलेलं भावाचं निवेदन तिथं नुसतं पुढे ढकललं जाईल. फुले योजना राज्याची, ती मागणी मंत्रालयातच. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार असेल तर बिल जोडून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे.