आडनाव-शोध सेवा: ‘शिंदे’ टाकून पाहिलं तर

देवनागरीत ‘शिंदे’ टाकल्यावर महादजी शिंदे, विठ्ठल रामजी शिंदे आणि पुण्यात वानवडीची शिंदे छत्री लगेच येतात. पण ग्वाल्हेरचं घराणं निम्मंच सापडतं, कारण रोमन लिपीत त्याच आडनावाचं ‘सिंदिया’ झालं आणि ही सेवा दोन्ही रूपं जोडत नाही. १९१९ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि वाराणसीचा सिंदिया घाट हवा असेल तर ‘सिंदिया’ वेगळं टाका. ‘शिंद’वर थांबलात की धुळे जिल्ह्यातलं शिंदखेडा यादीत घुसतं, नुसती अक्षरं जुळली, आडनाव नव्हे! ‘पूर्ण शब्द’ची खूण आधी करा. जन्म-मृत्यूची सालं मात्र चोख: महादजींपुढे १७९४ बरोबर आहे. पाचपैकी तीन तारे.