‘ट्राय’चा वनस्पती-डेटा: देठासकट की देठाशिवाय?

पान मोजताना देठ धरायचा की नाही, हा प्रश्न ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी दोन संशोधक-गटांची मोजमापं एकदा एकत्र करून बघावीत. मी केली होती. दोन्ही एक्सेल शीटमध्ये रकाना एकच, ‘एसएलए’, म्हणजे पानाचं क्षेत्रफळ भागिले त्याचं कोरडं वजन. एकाच प्रजातीला एकीकडे 138, दुसरीकडे 15. प्रजात ओळखण्यात गफलत झाली असेल म्हणून मी आठवडाभर नमुनेच तपासत बसले. मग उलगडा झाला: पहिल्यांनी चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम लिहिलं होतं, दुसऱ्यांनी चौरस मिलिमीटर प्रति मिलिग्रॅम. दहाने भागल्यावर 138 चे 13.8 झाले, तरी फरक उरलाच. पहिल्या गटाने पान देठासकट वाळवून तोललं होतं. देठात वजन बरंच, क्षेत्रफळ नाममात्र. आकडा खाली येणारच.

त्यानंतर मी ‘ट्राय’कडे वळले. वनस्पतींच्या गुणधर्मांचा हा जागतिक डेटाबेस 2007 पासून चालू आहे, त्याचा कारभार जर्मनीत येना इथल्या मॅक्स प्लँक जैवभूरसायनशास्त्र संस्थेतून चालतो. 2019 च्या पाचव्या आवृत्तीतच सुमारे 1 कोटी 18 लाख नोंदी होत्या. पण मला तो आवडला तो एका वेगळ्या कारणासाठी. इथे एसएलए हा एक गुणधर्म नाहीच, त्याचे तीन वेगळे क्रमांक आहेत. देठ वगळून मोजलेला 3115, देठ धरून मोजलेला 3116, आणि देठाचं काय केलं ते मूळ नोंदीत लिहिलेलंच नसेल तर 3117. हा तिसरा क्रमांक पाहून मला फार बरं वाटलं. माहीत नसलेली गोष्ट अंदाजाने कुठल्यातरी खान्यात कोंबलेली नाही.

फाइल उघडली की मूळ गटाने दिलेलं नाव, मूळ आकडा आणि मूळ एकक जसंच्या तसं दिसतं. शेजारच्या रकान्यांत प्रमाणित आकडा आणि प्रमाणित एकक. शंका आली की नजर डावीकडे नेली, काम झालं. ‘एररिस्क’ नावाचा रकानाही आहे: आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं (आकड्यांच्या विखुरणीचं माप) लांब आहे ते तो सांगतो. मोठा एररिस्क म्हणजे चूकच असं नाही, पण कुठून तपासायला घ्यायचं ते कळतं. उंचीतही असाच भेद आहे, नुसत्या पानोऱ्याची वेगळी आणि फुलोऱ्यासकटची वेगळी. गवतांवर काम करणाऱ्यांना त्याची किंमत लगेच कळेल.

शब्दांत सांगितलेल्या गुणधर्मांत मात्र हात घालावा लागतो. वाढीच्या प्रकाराखाली कुणी ‘ट्री’ लिहिलंय, कुणी नुसतं ‘टी’, आणि प्रमाणित रकाना रिकामा. यासाठी ट्रायचाच वर्गवारीचा वेगळा तक्ता मिळतो. तो आधी उतरवून घ्या, बराच वेळ वाचेल. संज्ञांच्या व्याख्या हव्या असतील तर ‘टॉप’ हा वनस्पती-गुणधर्मांचा शब्दकोश सोबत ठेवा.

आकड्यांचं काम असेल तर बिनधास्त वापरा. फक्त 3117 च्या नोंदी 3115 मध्ये मिसळू नका, नमुना कितीही लहान राहिला तरी. माझ्या फील्डच्या वहीत आता ‘देठ’ असा स्वतंत्र रकाना आहे, आणि पान तराजूवर ठेवायच्या आधी मी तो भरते.