स्लॅबला कूलिंग पेंट मारून देतो म्हणणाऱ्या टेम्पोवाल्यांपासून सावध रहा (माझे 19,000 गेले)

लिहू का नको असं तीन आठवडे चाललं होतं, कारण लाज वाटते. पण कालच आमच्या मागच्या गल्लीत पण दोघांकडं असंच झाल्याचं कळलं म्हणून लिहितेच.

सोलापुरात गड्डा यात्रा संपली, महाशिवरात्र झाली की थंडी गेलीच समजायचं, मग सगळ्यांचीच घाई असते. रजया धुऊन वर टाकणं, कूलरच्या जाळ्या बदलणं, टाकी धुणं आणि वरच्या मजल्याचं काहीतरी करणं. आमचं जुळे सोलापूरला रो हाऊस, सासूबाईंची खोली वर. एप्रिल-मे मध्ये पारा 43 च्या वर जातो, त्यांना बीपी आहे, रात्री बारापर्यंत स्लॅब गरम असतो. मागच्या वर्षी त्यांना चक्कर आली होती. हे आधी सांगते, म्हणजे कोणी म्हणू नये की हौस होती.

24 फेब्रुवारीला निळा टेम्पो गल्लीत आला, दोघं होते, अंगात कंपनीचे टी-शर्ट, हातात छापील कार्ड, 7 वर्षं वॉरंटी. "ताई, शेजारच्या कॉलनीत काम चालूय, मटेरियल उरलंय, म्हणून 22 रुपये फुटानं करून देतो." 840 स्क्वेअर फूट, 18,480 झाले. 10,000 ॲडव्हान्स युपीआयनं दिले, काम झाल्यावर 8,400 रोख, वरचे 80 त्यानं सोडले आणि मला तेव्हा बरं वाटलं. पाण्याची टाकी पण धुऊन घेतली, त्याचे 600. टोटल 19,000.

आता जे मला झोपू देत नाही ते सांगते. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा बादलीचं झाकण आधीच उघडं होतं, सील नव्हतं, आणि जिन्यावर पांढरी पूड सांडलेली. विचारलं तर म्हणे हार्डनर आहे ताई, त्याशिवाय पकडत नाही. ड्रम सरकवायला मी हात लावला तर कोमट लागला. पेंट कधी गरम होतो का हो? माझं माहेर माळवदाचं, आप्पा दर दिवाळीला कळीचा चुना पिंपात भिजवायचे, तो रटरटायचा, आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत, तोच वास, तोच कोमटपणा, सगळं मला माहिती होतं आणि तरी मी कप खाली ठेवून निघून आले. पतसंस्थेत 19 वर्षं कॅशियर आहे मी, खोटी नोट हाताला कळते. पण तेव्हा डोक्यात दुसरंच होतं, आमच्याकडं पाचव्या दिवशी नळाला पाणी, यांनी हौदातलं दोनशे लिटर घेतलं होतं आणि नळ यायला अजून तीन दिवस होते, मी तोच हिशोब करत बसले.

पहिला महिना कळलंच नाही, कारण चुना पांढरा असतो, ऊन परतवतो, खोली खरंच थोडी गार लागत होती. त्यामुळं माझ्यावर हसायच्या आधी हे लक्षात घ्या की तुम्हालाही कळलं नसतं. 28 मार्चला अवकाळी पाऊस आला, अर्धा तास फक्त, आणि पाइपातून दुधासारखं पाणी खाली. शेजारच्या काकूंची गाडी पांढरी झाली. दीर फोनवर हसले, चुना लावला म्हणाले. त्या रात्री मी जेवले नाही.

कार्डावरचा नंबर बंद. होटगी रोडच्या पत्त्यावर टायरचं दुकान, त्यांना काहीच माहिती नाही. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला म्हणाले काम करून पैसे घेतलेत, पोलीस स्टेशनला जा. पोलीस स्टेशनला म्हणे हे सिव्हिल मॅटर, बिल आणा. अहो बिल दिलं असतं तर मी आले असते का? खोटा पत्ता, खोटी वॉरंटी, तरी सिव्हिल? पूर्वीचं 420 म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं 318, हे मी घरी वाचून गेले, तर "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका". दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, शिक्का मिळेपर्यंत मी बाकड्यावर दीड तास बसले. अर्ज दिला की शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला विचारलं, ते दुकानाचं नाव-पत्ता मागतात. ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंत फी नाही, चांगलं आहे, पण केस करू कुणावर? ज्या खात्यात 10,000 गेले ते कुणाचं, कुठलं ही माहिती पोलिसांना मागून मिळते, मला नाही. मग शोधायचं कोणी?

सीलबंद बादली तुमच्यासमोरच उघडायला लावा. मटेरियल दुकानातून स्वतः आणा, मजुरी वेगळी द्या. वाळल्यावर ओला हात फिरवा, पांढरा झाला तर एक रुपया देऊ नका. टेम्पोच्या नंबरचा फोटो काढा, मी नाही काढला. उरलेलं मटेरियल म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खरवडून घ्यायला परत 3,500 गेले, नवीन पेंट अजून झालेला नाही, सासूबाई खाली हॉलमध्ये झोपतात. परवा होटगी रोडला तसाच निळा टेम्पो दिसला, मी गाडी वळवून नाक्यापर्यंत मागं गेले. तो दूधवाल्याचा निघाला.