प्रो, प्रीमियम की लिमिटेड? नवं पिनबॉल मशीन घेण्याआधी

शिकागोजवळची स्टर्न पिनबॉल ही पिनबॉल मशीन बनवणाऱ्यांतली सगळ्यात मोठी कंपनी. ती एकच खेळ तीन दरांत विकते: प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन, म्हणजे एलई. जानेवारी 2024 मध्ये 'जॉज' हे तिचं मशीन आलं तेव्हा प्रो 6,999 डॉलर, प्रीमियम 9,699 आणि एलई 12,999 होतं. एलईची मशीनं बनवली फक्त 1,000.

प्रोवरून प्रीमियमवर जायला 2,700 डॉलर लागतात, तिथून एलईवर जायला 3,300. दुसरी पायरी जास्त महाग आणि खेळात तिने काडीचाही फरक पडत नाही. बॉल कुठे जातो, काय हलतं, काय अडवतं, हे सगळं पहिल्याच पायरीवर बदलतं.

'जॉज'च्या प्रीमियममध्ये प्लेफिल्डखालून, म्हणजे बॉल फिरतो त्या फळीखालून, शार्क वर येतो आणि आपण त्याच्यावर बॉल हाणायचा. प्रोमध्ये हा वर येणारा शार्कच नाही. 2021 च्या 'गॉडझिला'च्या प्रीमियममध्ये इमारतीचे मजले खरोखर खाली कोसळतात आणि अडकलेले बॉल धडाधड सुटतात. प्रोची इमारत ढिम्म उभी. 'जुरासिक पार्क'च्या प्रीमियममधला टी-रेक्स बॉल तोंडात धरतो, प्रोमधला नुसता शोभेचा. अशा खेळांत ते 2,700 डॉलर मला पटतात.

पण प्रोला कमी लेखू नका. नियम बहुतांशी तेच असतात, सॉफ्टवेअरचे अपडेट त्यालाही मिळतात. हलणारे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. बार आणि आर्केडवाले प्रो घेतात ते उगाच नाही. जवळपास दुरुस्तीला माणूस नसेल तर हा मुद्दा किमतीहून मोठा ठरतो.

एलईत मिळतं काय? आरशासारखी चमकणारी बॅकग्लास (मशीनच्या मागच्या उभ्या भागावरची चित्राची काच), क्रमांकाची पट्टी, हादरे देणारी शेकर मोटर, प्लेफिल्डवर चकाकी न मारणारी काच, मशीनच्या कडांना रंगीत पट्ट्या. यातली मोटर आणि काच प्रोला किंवा प्रीमियमला नंतरही बसवता येते. क्रमांकाची पट्टी तेवढी नाही! तिच्यासाठी 3,300 मोजायचे असतील तर हौसेला मोल नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. 'पुढे भाव वाढेल' या आशेवर मात्र घेऊ नये.

जर्सी जॅक पिनबॉल या दुसऱ्या कंपनीचं गणित वेगळं. 2023 च्या 'गॉडफादर'चं लिमिटेड 12,000 डॉलरला, कलेक्टर्स एडिशन 15,000 ला. दोन्हींत खेळ जवळपास एकच, वरचे पैसे सजावटीचे. तिथे डोळे झाकून खालचं घ्यावं. तुलना करायचीच तर ती स्टर्नच्या एलईशी करा, प्रोशी नव्हे.

वाहतूक, कर आणि टॉपर (मशीनच्या माथ्यावर बसवायची सजावट) यांचा खर्च वेगळा. मशीन शंभर किलोंच्या वरचं असतं, बेसमेंटच्या जिन्यावरून उतरवायला किमान दोघं धट्टेकट्टे लागतात. भारतात मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि 230 व्होल्टची सोय आधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.

घरात एकच मशीन ठेवणार असाल आणि शार्क किंवा इमारतीसारखं मुख्य खेळणं प्रोमध्ये नसेल किंवा हलत नसेल, तर प्रीमियम. नाहीतर प्रो घ्या, आणि उरलेल्या पैशांत शेकर मोटर व चांगली काच बसवून घ्या.