तेल, साबण, क्रीम: लेकीच्या पहिल्या हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

लेक डिसेंबरात सोलापूरला, माझ्या माहेरी झाली. आता पावसाळा लागलाय, आम्ही पुण्यात आहोत आणि ती पोटावर सरकू लागली आहे. मधल्या काळात माहेरचा कोरडा हिवाळा, तिथलं मार्चचं ऊन आणि इकडची दमट हवा हे सगळं तिच्या त्वचेनं सोसलं. बारशाला आलेल्या गिफ्ट पॅकांनी कपाट भरलं होतं. त्यातलं रोजच्या वापरात फारच थोडं उरलं, आणि ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी खरेदीला जाण्याआधी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात दवाखान्यातच झाली. जन्मल्यावर लगेच बाळाला अंघोळ घातली नाही, नुसतं पुसून माझ्या छातीशी दिलं. आई अस्वस्थ झाली, "अगं, अंगावर ते पांढरं तसंच आहे की!" ते पांढरं म्हणजे व्हर्निक्स, पोटात असताना बाळाच्या त्वचेवर तयार झालेला स्निग्ध थर. तो त्वचेतला ओलावा धरून ठेवतो. शिवाय लगेच अंघोळ घातली तर बाळाचं अंग गार पडण्याचा धोका असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ किमान 24 तास लांबवायला सांगते. डॉक्टरबाईंनी आईला हे समजावलं आणि तिला ते पटलं. पुढे नाळ पडेपर्यंत आम्ही लेकीला कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं पुसतच होतो. नाळेवर ना हळद, ना तेल, ना पावडर. ती कोरडी ठेवली आणि आपोआप गळून पडली.

खरा प्रश्न आला तो तेल-पाणी सुरू झाल्यावर. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर घेऊन आधी चोळायच्या, मग न्हाऊ घालायच्या. हात इतका सराईत की लेक मालिश होता होता पेंगायची. पण त्यांच्या पद्धतीत डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद हवीच. "पीठ लावल्याशिवाय अंगावरची लव जाणार कशी?" असं त्या म्हणायच्या, आणि आई त्यांच्याच बाजूनं. ती लव काही आठवड्यांत आपली आपणच जाते. पीठ घासल्यानं मात्र बाळाच्या पातळ त्वचेवर बारीक ओरखडे पडतात. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्वचा कोरडी पडून चिरलेली असेल तर खाण्याच्या पदार्थांतली प्रथिनं तिच्यातून आत जाऊ शकतात आणि त्याच पदार्थाची अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. मी मावशींना म्हटलं, "मालिश तुमचीच, फक्त पीठ नको." त्यांना राग आला नाही. नाका-कानात तेल सोडणंही तेव्हाच बंद केलं, कारण नाकात घातलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. टाळू भरायला तळहातावरचे चार थेंब पुरतात. वेखंडाची धुरी मी ठाम नाकारली. धूर तो धूरच, मग तो कशाचाही असो.

तेल कोणतं, यावर घरात खूप चर्चा झाली. सोलापूर भागात करडई भरपूर, त्यामुळे आजीचा आग्रह करडईच्या तेलाचा, तर सासूबाई चिपळूणच्या, त्यांना खोबरेलाशिवाय दुसरं सुचेना. यावर आपल्या देशात अभ्यास झालेला आहे. 2005 साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात बाळांना करडई आणि खोबरेल अशा दोन तेलांनी मालिश केली, तेव्हा ज्या तेलानं चोळलं त्यातली स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) बाळांच्या रक्तात वाढलेली दिसली. म्हणजे बाळाच्या अंगाला जे लावतो ते थोडंफार आत जातंच. वजनाच्या मानानं बाळाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पसरलेली असते, हेही त्यामागचं एक कारण. हे वाचल्यावर बारशाला आलेलं रंगीत, घमघमणारं मसाज ऑइल मी उघडलंच नाही. आम्ही घाण्यावरचं खोबरेल वापरलं, थंडीत थिजलं की वाटी कोमट पाण्यात ठेवून पातळ करायचो. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं, असा समज आमच्या नात्यातही आहे. पण मँचेस्टरला 115 नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत ऑलिव्ह आणि सूर्यफूल, दोन्ही तेलांच्या बाबतीत त्वचेतल्या स्निग्ध थरांची घडण बिनतेलाच्या बाळांपेक्षा मागे राहिलेली आढळली. तेव्हा तेल हे मालिशीसाठी, मायेच्या स्पर्शासाठी. त्वचेचं औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नये, असं माझं मत झालं आहे.

सगळ्यात मोठा फरक पडला तो साबण बदलल्यानं. माहेरी बोअरचं पाणी आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साध्या साबणाची प्रक्रिया होऊन चिकट साका तयार होतो, आणि तो पाण्यानं नीट निघत नाही. त्यात साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 9 ते 10 (7 म्हणजे उदासीन, त्याहून कमी तर आम्ल, जास्त तर अल्कली). बाळाची त्वचा जन्मतः जवळजवळ उदासीन असते आणि पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू आम्लधर्मी होते. या आम्लतेमुळेच त्वचेची वीण घट्ट राहते आणि नको ते जंतू दूर राहतात. रोज अल्कलीचा मारा केला तर ही घडी बसायला वेळ लागतो. गिफ्ट पॅकातला एका नावाजलेल्या कंपनीचा गुलाबी बेबी सोप लावत होतो, तेव्हा लेकीच्या पोटऱ्या मगरीच्या पाठीसारख्या खरखरीत झाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सिंडेट बार सुचवला. दिसायला वडी, पण त्यात साबण नसतो, मळ काढणारे सौम्य कृत्रिम क्षालक असतात आणि पीएच त्वचेच्या जवळचा ठेवता येतो. आम्ही सेबामेडचा बेबी क्लिन्झिंग बार घेतला, पीएच 5.5. जड पाण्यातही साका धरत नाही. साध्या बेबी सोपच्या मानानं चांगलाच महाग आहे, पण बाळाला वापर फार नाही. काखा, मान, मांड्यांच्या घड्या आणि शी-शूची जागा एवढ्यालाच लावते. बाकी अंगाला कोमट पाणी पुरतं. सिंडेट वडी ओल्या साबणदाणीत लगेच मऊ पडते, त्यामुळे जाळीची साबणदाणी घ्या.

अंघोळ उरकायला पाच-सात मिनिटं पुरतात. पाणी कोपरानं बघायचं, 37 अंशांच्या आसपास. आईला कढत पाण्याची सवय, "थंडीचे दिवस आहेत गं." पण कढत पाणी त्वचेतलं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची पद्धतही बऱ्याच घरांत आहे. निरोगी बाळाला त्याची काहीच गरज नाही, उलट जळजळ होते.

क्रीमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पहिलं लोशन पाण्यासारखं पातळ होतं, वास छान, आणि लेकीच्या गालांवर लाली आली. ते बंद करून बिनवासाचं घट्ट क्रीम आणलं आणि अंग टिपून जरा ओलसर असतानाच लावू लागलो. गाल चारेक दिवसांत निवळले. सोलापूरच्या थंडीत त्यावर हनुवटीला आणि गालांना साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, ही स्वस्तातली गोष्ट महागड्या बामपेक्षा सरस ठरली. पुण्यात पावसाळ्यात मात्र क्रीम फक्त पायांना लावते. दमट हवेत मानेला थापलं की घामोळं येतं. रोज क्रीम लावलं की पुढे एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाज सुटणारा विकार) होत नाही, असं दुकानदार सांगतात. ब्रिटनमध्ये 1394 बाळांवर झालेली बीप नावाची मोठी चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. पहिलं वर्षभर रोज क्रीम लावूनही एक्झिमा टळला नाही, असं तिच्यात दिसलं. तेव्हा त्वचा कोरडी असेल तर लावा, नसेल तर राहू द्या.

पावडर आम्ही आणलीच नाही. तिची धूळ बाळाच्या श्वासातून आत जाते, एवढं कारण मला पुरेसं आहे. टाल्कवरून, म्हणजे पावडरीतल्या खनिजावरून, जगभर खटले चालले आणि जॉन्सन अँड जॉन्सननं 2020 साली अमेरिका-कॅनडात आणि 2023 साली जगभर टाल्कची बेबी पावडर बंद केली, तरी आपल्याकडे बाळाला भेट म्हणून पावडर येतेच. घामोळं आलं तर पातळ सुती झबलं, पंखा आणि साध्या पाण्यानं पुसणं. काजळही डोळ्यात नाही, कारण त्यात शिसं असू शकतं. तीट लागते ती तळपायाला, आजी त्यावर समाधानी आहे.

लंगोटाच्या जागेसाठी झिंक ऑक्साइडचं क्रीम ही एकच वस्तू मी कुणालाही डोळे झाकून सुचवीन. लाल झालं की कापूस आणि पाण्यानं पुसायचं, काही वेळ उघडं ठेवायचं, मग जाड थर. ओले वाइप्स फक्त प्रवासात. दुपटी आणि लंगोट धुताना सुवासाचं सॉफ्टनर टाकणं थांबवलं, आणि पाठीवरचे बारीक पुरळही कमी झाले.

खरेदी करताना पाकिटाची मागची बाजू वाचा. पुढे लिहिलेलं 'नॅचरल' किंवा 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' नेमकं काहीच सांगत नाही. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते, तिच्यात पर्फ्यूम किंवा फ्रॅग्रन्स कुठे आहे ते आधी शोधा. यादी जितकी छोटी, तितकं बरं. नवी वस्तू बाळाच्या पोटरीवर चिमूटभर लावून दोन दिवस वाट पाहा. पहिल्या आठवड्यात अंगावर येणारे लाल ठिपके आणि निघणाऱ्या सालपटांना घाबरून काही लावू नका, ते आपोआप जातं. मात्र पुवाचे फोड, पाणी सुटणारे चट्टे किंवा पुरळाबरोबर ताप असेल तर थेट डॉक्टरकडे जा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर यातलं काहीही, अगदी खोबरेलसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.