स्केअरी, क्रीपी की स्पूकी: पाहुण्यांना इंग्लिशमध्ये सांगताना कुठला शब्द घ्यायचा

होमस्टेची माहिती लिहायची असो की टुरिस्टला मेसेज करायचा असो, 'भीतीदायक'साठी इंग्लिशमध्ये तीन-चार शब्द समोर येतात आणि आपण हाताला लागेल तो टाकतो. तसं करू नका, प्रत्येकाची भीती वेगळी आहे.

स्केअरी सगळ्यात सेफ. समोर काहीतरी आहे आणि त्याने धडकी भरते, एवढंच. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आपल्याकडे गोव्यात नाक्यानाक्यावर उभे असतात ते नरकासुराचे पुतळे, वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, ते स्केअरी. पावसात रात्री अनमोड घाटातून गाडी चालवणं पण स्केअरी, भूतबित काही नाही, वळणावर समोरून ट्रक येईल याची भीती. पण त्याच घाटात धुकं उतरलंय, कसलाच आवाज नाही, काही घडलेलं नाही तरी आतून कसंतरी होतंय, तर तिथे ईअरी.

क्रीपी जपून वापरा. मूळ सरपटण्याचं, अंगावर काहीतरी चढतंय असं वाटणं. बंद पडलेल्या घराला म्हटलं तर चालतं, पण माणसाला म्हटलं की तो जवळजवळ आरोपच होतो, बीचवर एकटक बघत बसणारा किंवा नको म्हटलं तरी मेसेज करत राहणारा असा अर्थ निघतो. एखादी पाहुणी कुणाला क्रीपी म्हणाली तर ते सीरियसली घ्या.

स्पूकी म्हणजे भुताखेताची भीती, पण मजेतली. डचमधून 19व्या शतकात अमेरिकन इंग्लिशमध्ये आलेल्या स्पूकवरून तो झाला आणि आता हॅलोविनला सगळीकडे दिसतो. जुन्या बंगल्यातल्या नाइट टूरला मस्त बसतो. देवचाराला मात्र अजिबात लावू नका! ज्याला गाव रोट आणि विडी ठेवतं, राखणदार मानतं, त्याला स्पूकी म्हणणं मला तरी पटत नाही. तिथे सरळ देवचारच लिहा आणि गावाची राखण करणारा म्हणून दोन ओळीत समजवा, पाहुण्यांना ते जास्त आवडतं.

स्वतःला भीती वाटली तर स्केअर्ड म्हणायचं, आय ॲम स्केअरी म्हणजे लोक मला घाबरतात. आणि टेरिफिक नकोच, तो लॅटिनमधल्या घाबरवण्यावरून आलाय खरा पण आज त्याचा अर्थ झकास असा होतो, रात्रीचा घाट टेरिफिक आहे असं वाचलं तर पाहुणा मुद्दाम रात्रीच निघेल.